हाड जुळले, पुढे काय?



वसंतातील या ज्ञानसत्रात इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थकारण, साहित्य अशा भारदस्त विषयांची पंगत बसते. त्या पंगतीत मोडलेल्या मांडीचे पान मांडावे, हे कोणाला काहीसे विजोड वाटेल. परंतु ज्याची मांडी मोडली आणि वाकडी जुळली, त्या माणसाच्या दृष्टीने जगातील सर्व प्रश्न त्या एका प्रश्नाच्या मागे रांगेत उभे असतात. शेतकऱ्याला बांधावर बसता येत नाही, बाईला जात्यापाशी किंवा चुलीपाशी खाली बसता येत नाही, मुलाला शाळेत मांडी घालता येत नाही. अशा माणसांची आपल्या रस्त्यांवर आज वाण नाही. दुचाकी वाहने घरोघर झाली, महामार्ग रुंद झाले, आणि पूर्वी झाडावरून वा विहिरीत पडून क्वचित मोडणारी मांडी आता रोज मोडते. म्हणून हा विषय आम्ही निवडला.

आमचे म्हणणे थोडक्यात प्रथमच सांगून टाकतो. हाड जुळले म्हणजे दुखणे संपले, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. रोगी असे समजतो, त्याचे नातेवाईक असे समजतात, आणि कधी कधी वैद्यही तसेच वागतात. ही समजूत चुकीची आहे. हाड जुळते त्या दिवशी निसर्गाचे काम संपते. माणसाचे काम तिथे सुरू होते. निसर्गाला हाड जोडण्याची कला अवगत आहे, पण ते सरळ जोडले जावे याची त्याला फिकीर नाही. जसे ठेवाल तसे तो जोडून देतो. कुंभाराने मडके वाकडे थापले म्हणून भट्टी काही ते सरळ करून देत नाही. ती फक्त पक्के करते.

प्रथम हाडाची ओळख करून घेऊ. मांडीचे हाड, ज्याला शास्त्रीय भाषेत ऊर्वस्थी म्हणतात, ते शरीरातील सर्वांत लांब आणि सर्वांत बळकट हाड आहे. माणसाच्या उंचीच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकी त्याची लांबी असते. वर खुब्यात ते गोल बसते, खाली गुडघ्यात टेकते. खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक सरळ दोरी ताणली, तर निरोगी पायात ती गुडघ्याच्या जवळजवळ मध्यातून, किंचित आतल्या बाजूने जाते. हीच पायाची भारवाहक रेषा. घराच्या भिंतीला गवंडी ओळंबा लावतो ना, तसा हा देहाचा ओळंबा आहे. मांडी वाकडी जुळली म्हणजे हा ओळंबा चुकला. भिंत आज पडत नाही; पण वर्षानुवर्षे भार एकाच बाजूला पडत राहतो.

आता इतके बळकट हाड मोडल्यावर वाकडे का होते? कारण त्याच्याभोवती शरीरातील सर्वांत जोरकस स्नायू आहेत. हाड अखंड असते तोवर ते चाकर असतात. ते मोडले की तेच बंडखोर होतात. वरच्या तिसऱ्या भागात हाड मोडले तर वरचा तुकडा पुढे उचलला जातो, बाहेर ओढला जातो आणि बाहेरच्या अंगाला वळतो. खालचा तुकडा मांडीच्या आतल्या स्नायूंमुळे आत आणि वर सरकतो. परिणामी मांडीला बाहेरच्या अंगाला फुगवटा येतो. गुडघ्याच्या जरा वर मोडले तर पोटरीचा स्नायू खालच्या तुकड्याला मागे खेचतो. दोन तुकडे एकमेकांवर चढले की पाय आखूड होतो. हे सर्व पहिल्या काही तासांतच घडते. उपचार म्हणजे या ओढीविरुद्ध केलेली लढाई. वजन लावून दिलेली ओढ लवकर काढली, सूज उतरल्यावर सैल झालेले प्लास्टर तसेच राहिले, पाय टेकण्याची घाई झाली, किंवा हाडाच्या पोकळीत खिळा बसवताना खालचा तुकडा थोडा वळून राहिला, तर स्नायू ती लढाई जिंकतात.

ही लढाई काही आजची नाही. सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय अस्थिभंगाच्या चिकित्सेला वाहिलेला आहे. लांब हाडांच्या भंगाला तेथे कांडभग्न असे नाव आहे आणि त्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. मांडीच्या व पायाच्या भंगासाठी कपाटशयन, म्हणजे फळीवर निजवून ठराविक ठिकाणी पाच खुंट्यांनी अवयव निश्चल करणे, हा उपाय दिलेला आहे. पट्टी सैल बांधली तर स्थैर्य येत नाही आणि फार आवळली तर सूज, वेदना आणि पाक होतो, हा इशारा आहे. थंड ऋतूत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी पट्टी पुन्हा बांधावी, असाही दंडक आहे. या शेवटच्या वाक्याकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. पट्टी बांधली आणि रोग्याला घरी धाडले, असा तो उपचार नव्हता. तीन, पाच वा सात दिवसांनी वैद्याची आणि रोग्याची भेट ठरलेली होती. आणि आजच्या आमच्या विषयाशी थेट संबंध असलेली गोष्टही तेथेच आहे: कांडभग्न वेडेवाकडे जुळून आले असेल, तर ते पुन्हा मोडावे, नीट बसवावे आणि नव्या भंगाप्रमाणे त्याची चिकित्सा करावी. वाकड्या जुळलेल्या हाडाला नशीब मानून गप्प बसा, असे आपल्या प्राचीन शल्यवैद्याने सांगितलेले नाही.

पाश्चात्त्य देशांत या शास्त्राला नाव मिळाले ते १७४१ साली. निकोलस आंद्री नामक फ्रेंच वैद्याने 'सरळ' आणि 'बालक' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून ऑर्थोपेडी हा शब्द बनवला. त्याच्या ग्रंथातील चित्र जगभरच्या अस्थिशल्यवैद्यांनी आपले बोधचिन्ह म्हणून स्वीकारले आहे: एक वाकडे रोपटे, शेजारी एक सरळ खुंट, आणि दोघांना बांधणारी दोरी. पुढे एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलला ह्यू ओवेन थॉमस हा वैद्य होऊन गेला. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हाडे बसवण्याचा व्यवसाय, म्हणजे आपल्या भाषेत तो हाडवैद्यांच्या कुळातला. त्याने पायासाठी लोखंडी कड्याची एक साधी चौकट तयार केली. त्याच्या हयातीत तिचे चीज झाले नाही. त्याच्या पत्नीचा भाचा रॉबर्ट जोन्स याने पहिल्या महायुद्धात ती आघाडीवर नेली. मांडीचे हाड मोडून जखम झालेल्या सैनिकांपैकी १९१६ साली शंभरातील सुमारे ऐंशी दगावत. १९१८ पर्यंत हे प्रमाण विसाच्या आसपास आले, असे त्या काळचे आकडे सांगतात. पुढे १९४० साली जर्मनीतील कील येथील गेरहार्ट क्युंचर याने मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी खिळा बसवण्याची पद्धत जगापुढे ठेवली, आणि महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहण्याची शिक्षा टळली. आज बहुतेक प्रौढ रोग्यांना याच पद्धतीचे सुधारलेले रूप लाभते. म्हणजे जीव वाचवण्याचा प्रश्न बराचसा सुटला. आता प्रश्न उरतो तो वाचलेल्या माणसाच्या चालण्याचा.

'वाकडे' या एका शब्दात चार वेगवेगळे दोष दडलेले असतात, ते वेगळे करून पाहिले पाहिजेत. पहिला, डावीउजवीकडचा बाक. दुसरा, पुढेमागचा बाक. तिसरा, पिळ, म्हणजे हाडाचा खालचा भाग आत वा बाहेर वळून जुळणे. चौथा, आखूडपणा. डावीउजवीकडे पाच अंशांपर्यंतचा, पुढेमागे दहा अंशांपर्यंतचा बाक, दहा ते पंधरा अंशांपर्यंतचा पिळ आणि दोन सेंटीमीटरपर्यंतचा आखूडपणा प्रौढ माणसाला सामान्यतः सोसतो. त्यापुढे गेले की मोजमाप आणि विचार करावा लागतो. पुढेमागचा बाक गुडघा स्वतःच्या हालचालीने काहीसा झाकतो. डावीउजवीकडचा बाक झाकला जात नाही, कारण त्या दिशेला गुडघ्याला बिजागरीच नाही.

पिळाकडे आपल्या देशात विशेष लक्ष द्यावे लागते. खुर्चीवर बसणाऱ्या समाजात पाऊल थोडे आत वळले तर ते चालताना दिसते एवढेच. आपल्याकडे मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर बसणे हा रोजचा व्यवहार आहे. हाड आतल्या अंगाला पिळून जुळले तर मांडी घालण्यासाठी खुब्याला नेहमीपेक्षा जास्त बाहेर वळावे लागते, आणि तेवढी मोकळीक खुब्यात नसते. जेवणाच्या पानावर, पूजेला, कीर्तनाला बसणारा माणूस एकाएकी भिंतीशी खुर्ची शोधू लागतो. हे दुखणे एक्स-रेच्या एका चित्रात दिसत नाही. म्हणून तपासणाऱ्याने रोग्याला 'दुखते का?' एवढेच विचारून भागत नाही. 'मांडी घालून दाखवा' असेही म्हणावे लागते.

आता मुलांचा प्रश्न. मुलांच्या बाबतीत निसर्ग अधिक उदार आहे. जर्मन शल्यवैद्य युलियस वोल्फ याने १८९२ साली हाडाचा एक नियम मांडला: ज्या बाजूला भार पडतो तेथे हाड वाढते, जेथे पडत नाही तेथे झिजते. या नियमाने मुलांचा बाक वर्ष-दोन वर्षांत बराचसा निघून जातो. वय जितके लहान आणि भंग सांध्याच्या जितका जवळ, तितकी ही दुरुस्ती अधिक. शिवाय दोन ते दहा वर्षांच्या मुलाचे मोडलेले मांडीचे हाड नंतर एक-दोन सेंटीमीटर जास्तच वाढते. म्हणून जाणते वैद्य त्या वयात थोडे तुकडे चढलेले असले तरी घाबरत नाहीत. परंतु या औदार्याला दोन अपवाद आहेत. पिळ वाढत्या वयातही फारसा सुटत नाही. आणि भंग जर गुडघ्याजवळच्या वाढीच्या कूर्चेतून गेला असेल, तर प्रकरण उलटे होते. मांडीच्या हाडाची सुमारे सत्तर टक्के वाढ या खालच्या टोकाच्या कूर्चेतून होते. तिचा एक भाग करपला तर हाड एका बाजूने वाढते, दुसऱ्या बाजूने थांबते. आज सरळ दिसणारा पाय दोन वर्षांनी वाकडा होतो. अशा मुलाला वाढ पुरी होईपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासून घेतलेच पाहिजे. 'पोरगं धावतंय की' हे त्या न जाण्याचे कारण होऊ शकत नाही.

यानंतर मुख्य गोष्टीकडे वळू: जुळल्यानंतरची काळजी म्हणजे नेमके काय?

तिचा पहिला भाग खरे म्हणजे जुळण्याच्या आधीच सुरू होतो. मोडल्यानंतर काही आठवडे नवे हाड मऊ असते, ओल्या मातीसारखे. त्या अवधीत चित्र काढून बाक दिसला, तर तो सौम्य उपायाने काढता येतो. मुलांत हा अवधी दोनतीन आठवड्यांचाच. तो उलटला की मातीचे मडके झाले. म्हणून पहिल्या महिन्यातील ठरलेली तारीख ही सर्व तारखांतील राणी आहे. ती चुकवणाऱ्याला पुढच्या दहा भेटींनी भरून निघत नाही.

दुसरा भाग, हाड खरोखर जुळले की नाही याची खात्री. प्रौढांत मांडीचे हाड पक्के व्हायला सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात. सुश्रुताने तरुणपणी एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट असे प्रमाण दिले आहे. आकडे सोडले तरी वयाबरोबर काळ वाढतो हे तत्त्व आजही खरे आहे. समोरून आणि बाजूने अशी दोन चित्रे, दाबल्यावर न दुखणे, आणि भार टाकल्यावर न दुखणे, या तिन्ही गोष्टी जमल्या तरच हाड जुळले असे म्हणावे. वाकडे हाड अर्धवट जुळलेले असताना त्यावर भार टाकला तर बाक वाढतो, किंवा आतला खिळा थकून मोडतो.

तिसरा भाग मोजमापाचा. कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत फितीने दोन्ही पाय मोजावे. नंतर बेंबीपासून मोजावे. पहिले माप सारखे आणि दुसरे वेगळे आले, तर पाय आखूड नसून कंबर कलली आहे. तिथे चपलेची उंची वाढवणे म्हणजे रोग एकीकडे आणि लेप दुसरीकडे. याहून सोपी पद्धत म्हणजे आखूड पायाखाली ठराविक जाडीच्या लाकडी पाट्या एकेक करून सरकवायच्या आणि कंबर समपातळीत आली की थांबायचे. पिळ पाहण्यासाठी रोग्याला पालथे निजवून, गुडघे काटकोनात वाकवून, दोन्ही पाय आतबाहेर किती पडतात ते ताडून पाहावे. या तपासण्यांना फीत, पाट्या आणि पाच मिनिटे लागतात. त्यांतून शंका आली तर उभ्याने खुब्यापासून घोट्यापर्यंतचे लांब चित्र, आणि पिळासाठी सीटी स्कॅन. प्रत्येक भेटीचे माप कागदावर उतरून रोग्याच्या हाती द्यावे. एक माप काहीच सांगत नाही; दोन मापांतला फरक सर्व काही सांगतो.

चौथा भाग व्यायामाचा, आणि आमच्या मते सर्वांत उपेक्षित. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू भंगाच्या जागी हाडाला चिकटतो, आणि गुडघा आखडतो. कित्येक रोग्यांना हाडाच्या बाकापेक्षा गुडघ्याचा हा आखडलेपणाच जास्त छळतो, आणि तो टाळण्यासारखा असतो. गुडघ्याखाली उशी ठेवून मांडी आवळून धरणे, पाय सरळ ठेवून उचलणे, टाच खाटेवर घासत गुडघा वाकवणे, कुशीवर निजून वरचा पाय उचलणे, हे साधे प्रकार वैद्याने परवानगी दिल्यापासून दिवसातून चारपाच वेळा करावे. यांतला शेवटचा प्रकार खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंसाठी आहे. लंगडणे कमी होते ते त्यांच्या बळाने. एक इशारा मात्र दिला पाहिजे. जुळत्या हाडावर जोरजोराने चोळणे, किंवा कोणी तरी छातीवर बसल्यासारखे गुडघा दाबून वाकवणे, यांनी स्नायूतच हाड तयार होण्याचा धोका असतो. गुडघा रोग्याने स्वतः वाकवायचा असतो.

पाचवा भाग चपलेचा. एक सेंटीमीटरपर्यंतच्या फरकाला बहुधा काही लागत नाही. त्यापुढे टाचेखाली आतून गादी, आणि दोन सेंटीमीटरच्या पुढे तळव्याला बाहेरून टाच आणि चवडा दोन्हींना जोड. फरक एकदम पुरा भरू नये. थोडा कमी ठेवावा आणि कंबर सरावेल तसा वाढवावा. जोड हलक्या रबराचा असावा. आणि एक घरगुती गोष्ट: आपण घरात अनवाणी वावरतो. बाहेरच्या चपलेला जोड लावला आणि घरात दिवसाचे दहा तास तसेच फिरलो, तर त्या चपलेचा उपयोग बाजारापुरताच. घरातल्या चपलेलाही तोच जोड हवा. मुंबईत हाजीअली येथे १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था या कामासाठी प्रसिद्ध आहे. पण माप नीट लिहून दिले तर गावातील चपला शिवणारा कारागीरही हे काम उत्तम करतो. काठी वापरायची तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. शंभरातले नव्वद लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, असे आम्ही पाहतो, आणि काठीचा अर्धा गुण वाया घालवतात.

ही काळजी घेतली नाही तर काय होते? पहिली दोनचार वर्षे फारसे काही होत नाही, आणि तिथेच फसगत आहे. आखूड पायाच्या बाजूला कंबर कलते. ती सावरण्यासाठी कणा दुसरीकडे झुकतो. हा झोक प्रथम लवचिक असतो, बसल्यावर नाहीसा होतो. वर्षानुवर्षांनी तो कायमचा होऊ शकतो आणि कंबर दुखू लागते. मांडीला बाहेर बाक असेल तर गुडघ्याच्या आतल्या बाजूवर भार साचतो आणि तिथली कूर्चा आधी झिजते. पंचविशीत झालेल्या अपघाताची हुंडी पंचेचाळिशीत वटते. मग गुडघा दुखतो म्हणून लोक गुडघ्यालाच तेल चोळतात. मूळ वीस वर्षांपूर्वीच्या मांडीत असते, याची आठवणही राहिलेली नसते. म्हणूनच हाड जुळल्यावर सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि दोष मोठा असेल तर पुढे दर वर्षी-दोन वर्षांनी एकदा दाखवून येणे हे सावकाराचे व्याज वेळेवर भरण्यासारखे आहे.

वृद्धांविषयी दोन शब्द. उतारवयात मोडते ते बहुधा मांडीच्या हाडाचे वरचे टोक, खुब्याजवळ. खुब्याच्या गोळ्याची मान मोडली तर ती जुळण्याचीच पंचाईत. त्याच्या थोडे खालचा भंग मात्र शस्त्रक्रिया केली नाही तरीही बहुधा जुळतो, पण पाय आखूड आणि बाहेर वळलेला राहतो. अशा आजीला वा आजोबांना पुन्हा सरळ करण्याचा हट्ट नेहमीच शहाणपणाचा नसतो. त्यांच्यासाठी जोडाची चप्पल, काठी किंवा चौकट, न्हाणीघरात दांडी, रात्री दिवा, आणि डोळे तपासून घेणे, हीच पुढची काळजी. कारण एकदा पडलेला पुन्हा पडतो, आणि दुसरी मांडी पहिलीइतकीच ठिसूळ असते. हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी आणि औषध याच वेळी सुरू व्हायला हवे.

मग वाकडे हाड सरळ करायचे कोणाचे? आमचे उत्तर असे की चित्राचे नव्हे, माणसाचे ऑपरेशन करावे. चित्रात बाक दिसतो, पण माणूस न दुखता चालतो, बसतो, काम करतो, तर त्याला टेबलावर घेऊ नये. ज्याला दुखते, ज्याचे लंगडणे जोडाने सुधारत नाही, ज्याचा ओळंबा गुडघ्याच्या मध्यापासून दूर गेला आहे आणि ज्याच्यापुढे कामाची अनेक वर्षे आहेत, त्याने मात्र विचार जरूर करावा. आज सुश्रुताचे सूत्र अधिक सुरक्षितपणे अमलात आणता येते. हाड आखून, मोजून कापतात, सरळ करतात आणि खिळ्याने वा पट्टीने स्थिर करतात. बाक काढला की थोडी लांबीही आपोआप परत मिळते. आखूडपणा मोठा असेल तर सैबेरियातील कुर्गान येथील डॉक्टर गाव्रिल इलिझारोव्ह याने दाखवलेला मार्ग आहे. त्याने विसाव्या शतकाच्या मध्यावर असे सिद्ध केले की कापलेल्या हाडाची दोन टोके रोज एक मिलिमीटर, तेही चार टप्प्यांत, दूर करत नेली तर मधल्या फटीत नवे हाड उगवते. पश्चिमेला हे कळायला १९८१ साल उजाडले. त्याने बरा केलेला इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी याच्यामुळे ते इटलीत पोहोचले, आणि तेथून जगभर गेले.

पण ही किमया स्वस्त नाही. वाढवलेले प्रत्येक सेंटीमीटर पक्के होण्यास महिना-दीड महिना लागतो. तारांच्या जागा रोज स्वच्छ कराव्या लागतात, जंतुसंसर्गाची धास्ती असते, गुडघा आखडण्याचे भय असते. आणि मुख्य म्हणजे शस्त्रक्रियेनंतर पुढच्या काळजीचा सारा अध्याय पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावा लागतो. पहिली काळजी ज्याने घेतली नाही, त्याने दुसरी घेण्याचा निश्चय केल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. तंबाखू व विडी सोडावी, कारण धुराने हाड जुळण्यास विलंब लागतो. मधुमेह ताब्यात ठेवावा. दूध, नाचणी, ऊन आणि डाळ यांची हयगय करू नये. ताप, जखमेतून पू, पोटरीला एकाएकी सूज, छातीत धाप, किंवा बऱ्या झालेल्या मांडीत अचानक नवी कळ, यांपैकी काहीही झाले तर तारखेची वाट पाहू नये. आतला खिळा काढण्याचीही घाई नको. हाड पक्के होण्यापूर्वी, सामान्यतः वर्ष-दीड वर्षाच्या आत, तो काढणे म्हणजे पुन्हा मोडण्याला आमंत्रण.

हे सर्व सांगितल्यावर एक अडचणीचा प्रश्न उरतो. ही काळजी परवडते कोणाला? बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी लाखो माणसे कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांतल्या एखाद्याची मांडी फडावर मोडते. उपचार एका जिल्ह्यात, घर दुसऱ्या जिल्ह्यात, आणि उचल घेतलेली मुकादमाकडे. सहा आठवड्यांनी या, असे डॉक्टर सांगतो. सहा आठवड्यांनी टोळी शंभर कोस दूर असते. अशा माणसाचे हाड वाकडे जुळले तर त्याला 'हलगर्जी' म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. त्याच्यासाठी दोन गोष्टी तरी आपल्याला करता येतील. एक म्हणजे, त्याची चित्रे, कागद आणि मापे त्याच्याच हाती द्यावीत, म्हणजे जिथे असेल तिथल्या शासकीय रुग्णालयात तो ती दाखवू शकेल. वैद्य बदलला तरी धागा तुटणार नाही. दुसरी, पहिल्या महिन्यातील ती राणीची तारीख कोणती, आणि ती का चुकवायची नाही, हे त्याला त्याच्या भाषेत, त्याच्या बायकोदेखत, दोनदा सांगावे. गावातील आशा सेविकेच्या वहीत बाळंतिणीच्या तारखा असतात. त्याच वहीत मोडलेल्या मांडीची एक ओळ बसायला काय हरकत आहे?

आणि हाडवैद्यांविषयी? त्यांची टवाळी करून प्रश्न सुटत नाही. लोक त्यांच्याकडे जातात, कारण ते जवळ असतात, बोलतात आणि पुन्हा बोलावतात. ह्यू ओवेन थॉमस त्याच परंपरेतून आला, पण तो वैद्यकशास्त्र शिकून आला, हे विसरू नये. मांडीचे हाड हे बांबूच्या कामट्यांनी आवरणारे हाड नव्हे. तिथे चित्र आणि रुग्णालय हवेच. पण पुन्हा बोलावण्याची, पायाला हात लावून पाहण्याची आणि दोन शब्द बोलण्याची त्यांची सवय रुग्णालयांनी उचलली, तर त्यात कमीपणा नाही.

श्रोतेहो, आपल्या घरात, शेजारात, वाडीवस्तीत कोणी मांडी मोडून बरे झालेले असेल, तर आज घरी गेल्यावर त्याला तीन प्रश्न विचारा. मांडी घालून बसता येते का? दोन्ही पायांवर उभे राहिल्यावर कंबर सरळ राहते का? आणि शेवटचे दाखवून किती दिवस झाले? पहिल्या दोहोंचे उत्तर 'नाही' असे आले, किंवा तिसऱ्याला 'आठवत नाही' असे आले, तर त्याला फीत आणि जुनी चित्रे घेऊन अस्थिरोगतज्ज्ञाकडे धाडा. कदाचित त्याला एका सेंटीमीटरची गादी पुरेल. कदाचित नुसता व्यायाम पुरेल. पण त्याचे दुखणे हे नशीब नसून मोजता येणारी गोष्ट आहे, एवढे जरी त्याला कळले, तरी त्याच्या वाटेवरचे अर्धे ओझे उतरेल.